दुपारची बाहुली

अंतोफगास्तात, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
तीस वर्षं मी डोळे बनवतो.
बघणारे नाही. बघितले जाणारे.

खाणीतले वेल्डर यायचे, ठिणगी उडालेले.
एक पोरगा, कोंबड्याने टोचलेला.
एक म्हातारी, जिला नवऱ्याशेजारी
दोन्ही डोळ्यांनिशी पुरून घ्यायचं होतं.
वर्षाला दहा-बारा. पोट भरायचं,
दुपारी डोळाही लागायचा.

त्या वसंतात सहा आठवड्यांत सोळा.
सगळ्यांचे दात धड, गुडघे धड.

यास्ना आली ती आईचा गॉगल लावून.
नर्सिंगचं तिसरं वर्ष.
चौकात ती पातेलं वाजवत होती,
भाताचं, बुडाला करपलेलं,
हातात लाकडी डाव.
"तेच जप्त केलं, हत्यार म्हणून.
पावती दिलीय. पातेलं एक, डाव एक."
डोळ्याची पावती नव्हती.

त्यांच्या नियमात आहे, कमरेखाली नेम धरावा.
अधिकारी टीव्हीवर म्हणाला, धरला होता.
यास्ना उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली,
पोरांची उंची मोजतात तशी.
"डॉन निबाल्दो, पेन्सिल घ्या.
माझी कंबर कुठवर येते, खूण करा."
केली.
चुन्यावर ती अजून आहे.

मग काम. खोबणीत गार लगदा भरायचा,
तो घट्ट होईतो हलायचं नाही, रडायचं तर नाहीच.
दोन मिनिटं. तिने बोटांवर मोजली.
पांढऱ्यावर लाल रेशमाचे धागे, एकेक सुटा, शिरा म्हणून.
मग बुबुळ. उरलेल्या डोळ्यासमोर बसून रंगवतो मी:
आधी काळपट मध, कडेला शेवाळी,
आणि खाली, घड्याळात पाच असतात तिथे,
एक तपकिरी ठिपका, तिच्या आईलाही ठाऊक नसलेला.
तो मी नव्यात काढला नाही.
तो एकट्या उजव्याचा.

शेवटी बाहुली. इथे विचारावंच लागतं.
खरी अंधारात पसरते, उन्हात आकसते,
माझी जन्मभर एकाच मापाची.
"कुठल्या उजेडातली काढू?"
लोक सांगतात, जेवणाच्या टेबलावरच्या.
लग्नाच्या हॉलमधल्या.
ती म्हणाली, "बारा चाळीस. चौक. ढग नव्हते."

म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी.
मी म्हटलं, पोरी, घरात विचित्र दिसेल,
दिवेलागणीला एक मोठी, एक बारीक,
समोरचा बिचकेल.
"बिचकू दे."

विम्याच्या कागदावर 'कारण' छापूनच आलेलं: अपघात.
मी खोडून लिहिलं, नेम.
कागद परत आला. पुन्हा लिहिलं. पुन्हा आला.
चौकशी चालू आहे म्हणतात,
आणि काणाडोळा करतात
दोन्ही शाबूत डोळ्यांनी.

जूनमध्ये सुनावणी. समुद्रावरचं धुकं खिडकीपर्यंत,
कोर्टात तीनपैकी एकच ट्यूब चालू.
तो शिपाई बाविशीचा असेल. नखं कुरतडलेली.
त्याची आईही आली होती, मांडीवर डबा घेऊन,
माझ्याच बाकावर. मी थोडा सरकलो.
वकिलाने विचारलं, उजेड कसा होता त्या दिवशी?
आठवत नाही, म्हणाला.

यास्नाने गॉगल काढला.
त्या मिणमिणत्या खोलीत
उजवी बाहुली हळूहळू पसरत गेली.
डावीत बारा चाळीसच वाजले होते.
तो बघत राहिला. मग आईकडे बघितलं त्याने.
मग पायांकडे.

पुढची तारीख पडली.
बाहेर पडताना तिने कारकुनापुढे पावती सरकवली,
घडीवर फाटत आलेली.
पातेलं एक, डाव एक.
गोदामाची किल्ली ज्याच्याकडे असते
तो रजेवर आहे, कारकून म्हणाला.
सोमवारी या.