कानोसा

आंकुदला पहाटे ओहोटी लागते,
एदुविना नाहुएल्कीन गुडघाभर चिखलात उतरते.
पेलीयो म्हणतात तिथं त्या शेवाळाला,
न विंचरलेल्या केसांसारखं. मुठीनं उपटायचं,
वाळूवर सुकवायचं, किलोवर विकायचं.

तिची मुलगी इर्मा तेच शेवाळ
प्वेर्तो मोन्तच्या प्रयोगशाळेत उकळते, गाळते
आणि निवण्याची वाट पाहते.

काचेचं चौकोनी भांडं.
या भिंतीला एक चकती, समोर दुसरी.
एक टकटक करते, आपल्या कानांपलीकडची,
दुसरी कानोसा घेते.

ढकलत जाणारी लाट पाण्यातूनही पोचते,
तिचं कौतुक नाही.
इर्मा थांबलीय आडव्या लाटेसाठी.
ती अंग डावी-उजवीकडे झोकत निघते
आणि तिला धरायला काहीतरी लागतं.
पाणी कुणाला धरत नाही.
बेचाळीस अंश : सरळ रेघ.
चाळीस : रेघ.

आत धागे एकमेकांना पीळ घालतायत,
इथं गाठ, तिथं पुंजका,
बेटं, बेटांना चिकटलेली बेटं,
पण या काठाहून त्या काठाला जायला वाट नाही.
मग कुठलीशी एक गाठ बसते,
बाकीच्यांसारखीच, क्षुल्लक,
आणि रेघ थरथरते.

दवाखान्याच्या कामाला आलेली आई
स्टुलावर बसून हे सगळं बघत होती.
'मी भांडं कलतं करते. हललं नाही की झालं.'
इर्मानं शेजारचं भांडं कलतं केलं,
त्याच उकळीतलं. अजून ओघळत होतं.
ओघळायचं थांबलं तेव्हा
भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं उलटली होती.

'म्हणजे तुला तीन मिनिटं आधी कळतं.'
'हो.'
'काय करतेस त्या तीन मिनिटांचं?'

कारखान्याचं एक उत्तर होतं इर्माकडे,
नळ्या तुंबण्याचं, गाळण्यांचं.
तिनं ते दिलं नाही. भांडी विसळली.

संध्याकाळी चाकाओच्या फेरीवर
दोघी कठड्याला टेकून.
इंजिनाची धडधड लोखंडातून तळव्यांत.
आईचे मिठानं चिरलेले, इर्माचे रबरी मोज्यांत पांढरे पडलेले.

'तुझा बाप बुडाला त्या हिवाळ्यात,'
आई पाण्याकडे बघत म्हणाली,
'तू दार ठोठवायचीस.
मला ऐकू यायचं.'

धक्का अजून थोडा लांब होता.