ठसका

राउटर माझा. पावती जपून ठेवलीय.
म्हणून फोनवरचा पोरगा म्हणतो,
"लाइन ओके हाय मॅडम, डबा तुमचा बघा."
डबा!

बघितला. फ्रीजवरनं काढून कपाटावर चढवला,
चॅनल एकवरून अकरावर नेला,
टाचणीनं मागचं भोक दाबून धरून
सगळं विसरायला लावलं त्याला,
पासवर्डसकट.
तरी हिरवा दिवा तांबडा व्हायचाच.

मग वहीत वेळा लिहायला लागले.
मंगळवार, अकरा वीस.
बुधवार, अकरा पंचवीस, परत चारला.
गुरुवारी अमावस्या. दिवसभर एकदाही नाही.

शुक्रवारी लिहिता लिहिता ठसका लागला.
भिंतीपलीकडं हौसाक्काचं कांडप सुरू झालेलं:
ब्याडगी, संकेश्वरी, भाजलेलं खोबरं, लसूण,
अख्ख्या उत्तरेश्वर पेठेची वर्षाची चटणी.
ट्यूब मिचकली. राउटर मेला,
आणि एकेक दिवा लावत
परत उठून बसला, काही झालंच नाही असा.

आता त्याला छोटी बॅटरी जोडलीय.
कांडप धडधडतं, शिकवणी चालू राहते.
मीच तेवढी मध्ये तुटते, डोळे पुसत, पदर तोंडाला,
आणि पडद्यावरनं गडहिंग्लजची कोणी पोरगी विचारते,
"मॅडम, तुमचं नेट गेलं का ओ?"