सगुणचा कंडेन्सर

निवतीहून टेम्पोत आला, सुक्या बांगड्यांच्या पाटीशेजारी बसून.
उचलला तेव्हा आतून वाळू सांडली.
सेक्रेटरी म्हणाले, बघा होतो का,
नाहीतर भंगारात घाला.
मागच्या जाळीवर रंगवलेलं : मच्छीमार सोसा.
पुढचं खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं.

झाकण काढलं.
ट्रान्सफॉर्मरच्या पोटाशी कुंभारणीने बांधलेलं मातीचं घर,
पिल्लं कधीच उडून गेलेली.
वॉल्व्हच्या पायांवर हिरवा थर.
काडीला कापूस गुंडाळून कोकमाच्या आगळात बुडवला,
एकेक पाय घासला, मग स्पिरिटने आंबटपणा पुसून काढला.

लगेच वीज द्यायची नसते.
इतकी वर्षं उपाशी असलेल्याला
कुणी थेट पंगतीला बसवत नाही.
शंभराचा बल्ब मधे टाकला. तो भगभगला आणि तसाच राहिला,
म्हणजे आत सगळं कुठेतरी वाहून जात होतं.
फिल्टरचे कंडेन्सर. टोकाशी फुगलेले, पोटात कोरडे ठाक.
ते बदलले. बल्ब परत उजळला,
आणि उतरत उतरत निखाऱ्याएवढा उरला.
तेव्हा कुठे वॉल्व्ह लागले, सावकाश, नारिंगी.

डावा हात खिशात.
हे कुणी शिकवलं नाही, चारशे व्होल्टनी शिकवलं.
उजव्यात माडाची हीर.
डाकांवर टिचकी मारत जायचं, खरखरलं की थांबायचं.
तीन डाक मेलेले निघाले.
चौथ्याने दोन दिवस खेळवलं,
हीर टेकली की गप्प, उचलली की खरखर.

आणि मग हा.
पहिल्या-दुसऱ्या वॉल्व्हच्या मधे,
नकाशात पॉइंट झीरो पाच,
इथे पॉइंट झीरो झीरो पाच.
डाक मात्र मोत्यासारखा गोल.
म्हटलं, कुणा शिकाऊचा शून्याचा घोटाळा.
काढला, तंबाखूच्या डबीत टाकला, नकाशाप्रमाणे नवा घातला.

काय आवाज आला!
माझाच आवाज मला खोतासारखा वाटला.
फक्त तळाशी एक घूं,
लांब कुणीतरी इंजिन बंद करायला विसरल्यासारखी.
तिच्यामागे आठ दिवस गेले.
अर्थिंग फिरवलं, हीटरच्या तारा वेणीसारख्या पिळल्या,
नवा रेक्टिफायर मागवला, बायकोशी भांडलो.
घूं आपल्या जागी.

तसाच घेऊन गेलो. भोंगा सोसायटीच्या छपरावर,
वारा समोरून, हॅलो हॅलो, एक दोन तीन.
जाळं शिवणारी बाई मान वर न करता म्हणाली,
"बरो असा. पण ह्यो दर्यार पोचाचो नाय."

गुणवंती मेतर. सगुण मेतराची लेक.
"बाबांचो आवाज पातळ येय. पत्र्यार खिळो घासल्यासारखो.
लग्नाक कोणी नेलो नाय कधी.
पण वाऱ्यातसून पार जाय. होडयेर ऐकाक येय, नावासकट."
दोरा दातांनी तोडला.
"त्या राती बाबांनी अकरा होडयेंची नावां घेतली.
धा इली."

मी पुढचं विचारलं नाही.
डबी उघडली. मोजला, अजून धड होता.
तिथेच, पायरीवर, इस्त्रीच्या प्लगवर डाकणी तापवून
सगुणचा कंडेन्सर सगुणच्या जागी लावला.
आणि घूं नाही.
लाटांची गाज, वाऱ्याचा फुगारा, इंजिनांची धडधड,
तळचं सगळं त्याने दारातच अडवलेलं,
आत सोडलेलं फक्त शब्दांची टोकं.

बॉलपेनने नकाशातला आकडा खोडला.
दुसरा लिहिला. शेजारी : बदलू नये.

गुणवंतीने माईक घेतला, बटण दाबलं,
बोलली काहीच नाही.
भोंग्यातून नुसता श्वास गेला, पातळ, पत्र्याचा,
आणि खडकापलीकडे वल्ही मारणाऱ्या एकाने
मान वळवून पाहिलं.

बिलात धरलं : फिल्टर तीन, रेक्टिफायर एक.
ते आठ दिवस माझे मी.