तिसरा पॉइंट

हुपरीत समुद्र नाही.
पैंजणं उजळायच्या टोपात रिठ्याचा फेस आहे,
आणि रात्री अकरानंतर
सुकुमारच्या जुन्या कॉम्प्युटरवर चाच्यांचं गलबत.

माझी कप्तानीण एका डोळ्यानं आंधळी.
नाव ठेवलं नाही अजून, रकाना कोराच.
लेव्हल चढली की तीन पॉइंट.
बाहुबली म्हणतो, "सगळे ताकदीत घाल की गं,
एका घावात डोलकाठी मोडाय पाहिजे."
मी एक चपळाईत घातला, एक दमात.
तिसरा ठेवलाय.

पोवळ्यांच्या बेटावर हाडांचा सरखेल,
दोन्ही हातांत कोयते, बरगड्यांत कंदील.
सदतीस वेळा मेले.
ढाल लवकर उचलली तरी मरण,
उशिरा उचलली तरी,
आणि पळाले की पाठीत.

अडतिसाव्यांदा डोळे मिटून घेतले.
दिवसभर घुंगरांना डाग देते मी.
फुंकणी दातांत, ज्योत निळी,
चांदी पाघळायच्या अगदी आधी
फुंक तोडायची. हे कुणी शिकवत नाही,
ओठ पोळत पोळत येतं.
कोयता उठला. फुंक.
खाली आला. फुंक.
आता.
ढाल खणकन वाजली, कंदील विझला.

सुकुमार कुशीवर वळून म्हणाला,
"लाईटबिल कोण भरणार?"

लुटीत निघालं काय, तर चांदीचं पैंजण.
ताकद अधिक दोन.
उलटंपालटं करून बघितलं,
डाग कच्चा.
ज्यानं केलं त्यालाही
मजुरी किलोवरच मिळत असणार.