याच्या आधीचा नाही

चार स्क्रू. चारही गंजलेले,
एकाची खाच आधीच कुणीतरी झिजवलेली.
बेसची मान मी धडापासून वेगळी केली
आणि सदरच्या दुकानात, शटर अर्धं ओढून,
कूलर बंद करून
(लाकडावर शिंतोडे नकोत, असेच बरेच बसलेत त्याच्यावर)
टॉर्च धरली.

मानेच्या टाचेवर पेन्सिलीची तारीख,
अर्धी घामानं खाल्लेली.
मार्च की मे, एवढंच भांडण.
व्हॉल्यूमच्या बटणाखाली, पॉटच्या पाठीवर ठोकलेलं:
एकशे सदतीस, सहासष्ट, बारा.
कारखाना, साल, आठवडा.
सुकेशनी रामटेके म्हणाल्या, "म्हणजे सहासष्टचा?"
म्हटलं, ताई, आकडा एवढंच सांगतो
की याच्या आधीचा नाही.
नंतरचा कितीही असू शकतो.

दुसरा पॉट जुन्या रेडिओतला.
त्याचा डाग जाडाभरडा,
मंडपामागे, कार्यक्रमाच्या ऐन तोंडावर दिलेला असावा.
इथे वीस टक्के गेले.
रंग मूळचा नाही. निळा आहे,
कुठल्याशा जयंतीच्या आदल्या रात्री मारलेला,
ब्रशच्या केसासकट.
इथे निम्मे गेले.
तिसरी खुंटी पितळेची.
अजनीच्या लोको शेडमधल्या कुण्या फिटरनं
लेथवर काढलेली, इतकी नेमकी
की कंपनीच्या तीन तिच्यापुढे ढिल्या वाटतात.
तिचेही कापावे लागतात. काय करता.

"लॉरेन्स गार्ड पर्थला चालला तेव्हा
बाबांनी घेतला. एक सायकल
अन् वर अकराशे. आई दोन महिने बोललीच नाही.
मग इंदोऱ्याच्या स्टेजसमोर बसून ऐकला तिनं.
म्हणे, हे कानात नाही वाजत,
पोटात वाजते."

पिकगार्ड उचललं, तर आत गावं.
बॉलपेननं, बारीक, एकाखाली एक:
तुमसर. पाचपावली. पवनी. कामठी, पैसे बाकी.
परत पवनी.
ब्याऐंशी भरगच्च, त्र्याऐंशी विरळ,
चौऱ्याऐंशीला एकच नाव.
खाली लाकूड कोरं.
मी विचारलं नव्हतं, त्याच म्हणाल्या,
"मग पार्टीत कीबोर्ड आला."
डाव्या हाताच्या दोन बोटांत मावला
बाबांचा सगळा जाड आवाज.

मुंबईचं गिऱ्हाईक फोटो मागतं.
म्हणतं, निळा खरवडा, आतलं पुसा, पितळ बदला.
मी बिलबुकाच्या मागे दोन आकडे लिहिले:
एक, जसा आहे तसा.
एक, रामटेक्यांकडे जसा तो कधीच नव्हता तसा.
दुसरा बराच मोठा.

बाईंनी कागद वाचला, घडी घातली,
उघडून परत वाचला.
"ती कामठीची बाकी," म्हणाल्या,
"ती पण धरा ना हिशेबात."

किती धरू?
त्यांना आठवेना.
पंच्याहत्तरच्या खाली नसतील, म्हणाल्या.
वर कितीही.