पेन्सिल आडवी धरून

धुळ्यात, आग्रा रोडच्या मागल्या बाजूला,
बशीर पिंजारींच्या भंगाराच्या वाड्यात
तीन चेसिस पडल्या होत्या, उपड्या.
ऊन असं, की लोखंडाला हात लावायचा
तर आधी रुमाल लावायचा.

मला गाडी बांधायची होती
सातपुड्यात मधपेट्या न्यायला.
बारा पेट्या.
पळासनेर सोडून आत वळलं की डांबर संपतं,
मग मुरूम, मग नाला, नाल्यातले गोटे,
आणि शेवटी टेकाडाचं ते वळण
जिथं माझी जुनी पिकअप
दोनदा नाक टेकून बसली.

"हाई ले," बशीरभाई म्हणाले, "आवाज आयक."
हातोडी मारली.
शाळा सुटल्यासारखी वाजली दांडी.
सरळ, जाड, कुठं तडा नाही.
मी गुडघे टेकून उजव्या अंगाला नंबर शोधला.
तिथं ग्राइंडरनं घासलेली चकचकीत जागा.
"नंबरवर काय गाडी चालस का?"
चालत नाही, बशीरभाई.
पण नाक्यावर थांबते ती त्याच्याचसाठी.

दुसरीचा नंबर देव्हाऱ्यातल्या टाकासारखा लख्ख.
मागच्या स्प्रिंगपाशी मात्र चीर, नख शिरेल एवढी,
तिच्यावर वेल्डिंग, वेल्डिंगवर घाईचा काळा रंग.
लोखंड पिळलं की
पेटीतल्या चौकटी एकमेकींवर घासतात,
आणि राणी नेमकी त्याच फटीत असते.
हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.
मी दोन राण्या अशा गमावल्यात.

तिसरी लांब.
फारच लांब.
दोंडाईच्याच्या कुणा मिरचीवाल्याची,
सांध्यासांध्यात अजून लाल पूड,
खाली वाकले आणि सात शिंका आल्या.
कागद पुरे, टॅक्स भरलेला, मालक जिवंत
आणि सही करायला तयार.
अठरा इंच कमी असती, तर त्या वळणात
मांजरीसारखी फिरली असती.
बशीरभाईंनी खडूनं रेघ मारली:
"आठून काप, आठे जोड. कोन देखस?"

सोनवणे मॅडम देखस.
आरटीओतल्या.
मागच्या सोमवारी तासभर बाकावर बसून
मी त्यांना सगळं विचारून घेतलं होतं.
टप बदलायचा तर आधी अर्ज.
टायर किती मोठा, ते मोजून.
पुढं विंच लावायची, तर तिचंही विचारून.
"आणि दांडीला करवत लावलीत,
तर ही गाडी ही गाडी राहणार नाही, बाई."
एवढं बोलून त्यांनी डबा उघडला.
कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा.

रात्री पाड्यावरून गुलसिंग पावराचा फोन:
गाडी कापता येत नाही? मग वळण कापू.
चार माणसं, दोन पहारी, एक दिवस.
मी झोपेत ते वळण रुंद होताना पाहिलं.
सकाळी पुन्हा फोन.
वळणावर वनखात्याचा दगड आहे, चुना मारलेला.
त्यालाही नंबर आहे.

म्हणजे दांडी हलणार नाही,
डोंगर हलणार नाही.
उरले मी,
आणि रिव्हर्स गियर.
पुढं घ्यायची, थांबायचं,
मागं दरीकडं यायचं वीतभर,
गुलसिंग खाली उतरून हात दाखवणार,
पाठीमागे बारा पेट्यांची गुणगुण.

तिसरीच घेतली.
भाव किलोचा नाही पडला, कागदाचा पडला.
एका चॅनलच्या पोटात कुंभारमाशीचं घर निघालं,
बशीरभाईंनी पान्याचं टोक उचललं.
राहू द्या, म्हटलं, रंगाला अजून आठवडा आहे.

मग नंबरावरची माती थुंकीनं पुसली,
पातळ कागद ठेवला,
पेन्सिल आडवी धरून घासत गेले.
एकेक आकडा पांढरा उठत आला
करड्यातून.
सातावर कागद जरा फाटला.
दुसरा घेतला.