आवक-जावक

तौफिकनं कॅनडाहून पाकीट धाडलं दिवाळीच्या सुमारास.
आत मूठभर बिया. प्रत्येक बीला एकच पंख,
चपटा, लांबट, वल्ह्याच्या पात्यासारखा.
चिठ्ठीत एवढंच: मामू, हे अ‍ॅश.
इथं रस्त्याकडेला आम्ही हेच लावायचो.
जमलं तर रुजवून बघा.

मी मिरकरवाड्यातला बर्फवाला.
रुजवणं माझ्या खात्यात येत नाही.
गेलो जयवंती भाटकरकडे,
जी कोयीला कलम बांधते
आणि कोयीला पत्ता लागू देत नाही.
"अ‍ॅश म्हणजे राख ना रे?"
तिनं एक बी दाताखाली धरली, सोडली.
"हिला आधी थंडी पाहिजे. ओल्या वाळूत, तीन महिने.
आपल्याकडची थंडी म्हणजे
पहाटे येते, चहा उकळेस्तोवर जाते."
आणि मग माझ्याकडेच बघत राहिली.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात वाळू, वाळूत बिया,
डबा लाद्यांच्या खोलीत, अमोनियाच्या नळीपासून हातभर लांब.
पोरं म्हणाली, शेठनी हिवाळा साठवायला घेतला.
बाहेर बोटी लागत होत्या,
बांगड्याला फोडलेला बर्फ, सुरमईला फोडलेला बर्फ,
आत डबा गप्प.

शिमग्याला उघडला.
चाळीसातल्या दोघींनी तोंड काढलं होतं.

एक पावसात कुजली. जांभ्याच्या मातीतही
पाणी कुठं तुंबायचं ते शोधून काढतं.
दुसरी दोन वर्षांत कमरेला आली.
पानं कढीलिंबाच्या घडणीची, वास मात्र कसलाच नाही.
पण मार्गशीर्ष सरला तरी पान गळेना,
कडा करपलेल्या, तरी हिरवं,
ताप आलेल्या पोरासारखं टक्क जागं.
जयवंती म्हणाली, "याला झोप नाही. असं नाही जगायचं हे."

कुंडी टेम्पोत घातली. दोन बाजूंनी दोघं,
मध्ये झाड, वर गोणपाट.
आतल्या खोलीत नाही, अलीकडच्या, जिथं नुसता गारवा असतो.
सहाव्या दिवशी पहिलं पान पडलं.
मग रोज झाडू मारणारा इस्माईल
खवल्यांबरोबर पानं गोळा करायचा,
आणि का कोण जाणे, तिथं आला की बादली हळू ठेवायचा.

भाडं म्हणून जयवंती पायरीचं एक कलम देऊन गेली.
लावायला जागा नाही म्हटलं, तर म्हणाली, मग बघत बस.

काल तौफिकचा फोन.
तिकडं एक हिरवा किडा सालीखाली शिरलाय,
खोडांवर नारिंगी खूण करत फिरतो म्हणाला, खूण केली की करवत.
"काही मी लावलेलीच आहेत, मामू."
मला काय बोलावं सुचेना.
फोन तसाच कुंडीजवळ धरला.
कॉम्प्रेसरची घरघर गेली असेल त्याच्या कानात, दुसरं काय.

रात्री वही लिहायला बसलो.
सुरमई, पेट्या सोळा. हलवा, पेट्या सात.
कोळंबी, पेट्या अकरा, उद्या पहाटे उचल.
खाली एक ओळ रिकामी होती.
झाड, नग एक. पानं नाहीत.
उचल, शिमग्यानंतर.